मूळ कंडेन्सर मिळत नाही, तेव्हा...

माळ्यावरून उतरवलेल्या जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओची गोष्ट बहुतेक घरांत एकाच पद्धतीने सुरू होते. आजोबांनी हौसेने घेतलेला, लाकडी पेटीचा, काचेच्या पट्टीवर दूरदूरच्या शहरांची नावे मिरवणारा तो संच पुसूनपासून स्वच्छ केला जातो, वायरला नवी पिन बसवली जाते आणि घरातील सारी मंडळी भोवती जमल्यावर कौतुकाने बटण फिरवले जाते. पट्टीमागचा दिवा पिवळसर उजळतो. मग ‘घूं’ असा एक जाड आवाज, पाठोपाठ मेण जळाल्याचा वास आणि कधी कधी पेटीच्या मागून धुराची रेघ. पन्नास-साठ वर्षे शाबूत राहिलेला ट्रान्सफॉर्मर अशा वेळी काही मिनिटांत निकामी होऊ शकतो. त्याला संपवणारा भाग मात्र साऱ्या रेडिओत किमतीने अगदी क्षुल्लक असतो. त्याचे नाव कपॅसिटर.

पाठ्यपुस्तकात तो ‘धारित्र’ असतो, अभियंत्यांच्या तोंडी ‘कपॅसिटर’ आणि पंखा दुरुस्त करणाऱ्यापासून लॅमिंग्टन रोडच्या दुकानदारापर्यंत सर्वांच्या लेखी ‘कंडेन्सर’. रेडिओ दुरुस्तीला नेला की दुकानदार मागचा पुठ्ठा काढतो, आत डोकावतो आणि सांगतो, ‘ओरिजिनल कंडेन्सर आता मिळत नाही, पण दुसरा चालेल.’ यातील पहिला भाग बव्हंशी खरा असतो. मेणात बुडवलेल्या कागदाची नळकांडी किंवा एकाच ॲल्युमिनियमच्या डब्यात दोन-तीन कपॅसिटर सामावणारे जुने नमुने दुकानाच्या फळीवरून केव्हाच नाहीसे झाले आहेत. प्रश्न दुसऱ्या भागाचा आहे. ‘चालेल’ या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक, आज संच सुरू होईल. दुसरा, तो पाच-दहा वर्षे चालेल आणि त्याला हात लावणाऱ्याला विजेचा झटका बसणार नाही. या दोन अर्थांमधील अंतर कपॅसिटरवर छापलेल्या आकड्याकडे पाहून कळत नाही.

कपॅसिटरची रचना मुळात अत्यंत साधी. दोन धातूचे पत्रे आणि त्यांच्यामध्ये वीज न वाहू देणारा पदार्थ. हॉलंडमधील लायडन येथे १७४६ साली पीटर फान मुशेनब्रुक याने पाण्याच्या बरणीत विद्युतभार साठवून दाखवला आणि त्या बरणीचा जबर झटकाही अनुभवला, तेव्हापासून या रचनेच्या तत्त्वात फरक पडलेला नाही. फरक पडला तो मधल्या पदार्थात. काच, अभ्रक, कागद, प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा, चिनी मातीसारखी सिरॅमिक द्रव्ये, ॲल्युमिनियमवर चढवलेला ऑक्साइडचा थर असे अनेक पदार्थ या कामी आले आणि प्रत्येकाने आपापले गुणदोष सोबत आणले. साठवण्याची क्षमता मायक्रोफॅरडमध्ये मोजतात. पण एकाच क्षमतेचे दोन कपॅसिटर या मधल्या पदार्थामुळे स्वभावाने पूर्ण वेगळे असू शकतात.

म्हणूनच पर्याय शोधताना पहिला प्रश्न ‘किती मायक्रोफॅरडचा?’ हा नसतो. ‘तो तिथे कोणते काम करत होता?’ हा असतो. एकाच रेडिओत हा भाग तीन निरनिराळ्या भूमिका करत असतो आणि प्रत्येक भूमिकेसाठी पर्यायाचे नियम वेगळे असतात.

पहिली भूमिका साठवणीच्या टाकीची. नळाला पाणी ठरावीक वेळीच येते, तरी गच्चीवरच्या टाकीमुळे स्वयंपाकघरातील नळ दिवसभर चालतो. घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते. ती एका दिशेला वळवली की सेकंदाला १०० हेलकावे मिळतात. ते भरून काढून सलग पुरवठा देण्याचे काम मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर करतात. त्यांच्या आतील द्रव सुकला की टाकी रिकामी पडू लागते आणि तेच हेलकावे कर्ण्यातून ‘घूं’ होऊन ऐकू येतात.

या जागी पर्याय शोधणे तुलनेने सोपे असते. जुन्या संचांत ८, १६, ३२, ५० मायक्रोफॅरड असे आकडे आढळतात. आज दुकानात मिळतात ते १०, २२, ३३, ४७. आकडा जुळत नाही म्हणून ग्राहक हवालदिल होतो. प्रत्यक्षात त्या काळच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची क्षमता छापील आकड्याहून वीस टक्के कमी किंवा पन्नास टक्के जास्त असली तरी ती मान्य धरली जाई. आराखडा तयार करणाऱ्याने तेवढी मोकळीक गृहीतच धरलेली असे. त्यामुळे ८ च्या जागी १०, ३२ च्या जागी ३३ आणि ५० च्या जागी ४७ बिनदिक्कत बसवता येतो. व्होल्टची मर्यादा मात्र मूळ आकड्याइतकी किंवा त्याहून जास्तच हवी. ३५० व्होल्टच्या जागी ४५० चालतो, उलट कदापि नाही. एका डब्यातील तीन कपॅसिटरच्या जागी तीन सुटे बसवावे लागतात. आजचे कपॅसिटर आकाराने इतके लहान झाले आहेत की जुना डबा पोकळ करून नवे त्याच्या आत दडवता येतात आणि संचाचे रूप जसेच्या तसे राहते. हौशी मंडळी हा उद्योग मोठ्या प्रेमाने करतात. ज्याला तेवढा वेळ नाही त्याने जुना डबा जागेवर राहू द्यावा, पण त्याची तार तोडावी. जुन्यालाच समांतर नवा जोडून देण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. तिच्यामुळे आवाज तात्पुरता थांबतो, पण गळका जुना कपॅसिटर तसाच तापत राहतो.

‘टाकी जेवढी मोठी तेवढी बरी’ हा समजही इथे नडतो. व्हॉल्व्हच्या रेडिओत वीज एका दिशेला वळवण्याचे काम जो व्हॉल्व्ह करतो, त्याला त्याच्या लगतच्या पहिल्या कपॅसिटरची मर्यादा घालून दिलेली असते. युरोपीय बनावटीच्या अनेक संचांत आढळणाऱ्या ईझेड ८० या व्हॉल्व्हसाठी ती ५० मायक्रोफॅरड आहे. तिथे कोणी उदार होऊन १०० किंवा २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवला, तर तो भरताना प्रत्येक हेलकाव्याला प्रवाहाचा मोठा झटका व्हॉल्व्हमधून जातो. घुमणे पूर्ण थांबते, ग्राहक खूश होतो आणि काही महिन्यांनी व्हॉल्व्ह जातो. तो कपॅसिटरपेक्षाही दुर्मीळ!

दुसरी भूमिका द्वारपालाची. आधीच्या व्हॉल्व्हमधील ध्वनीचा संकेत पुढच्या व्हॉल्व्हकडे जाऊ द्यायचा, पण तेथील उच्च स्थिर व्होल्टेज अडवून धरायचे. हे काम करणारा कपॅसिटर जेमतेम ०.०१ मायक्रोफॅरडचा, बोटाच्या पेराएवढा. जुन्या संचातील सर्वांत धोकादायक भाग कोणता, असे विचारले तर जाणकार कारागीर मोठ्या डब्याकडे नव्हे, या लहानग्याकडे बोट दाखवतो. कागद काळाच्या ओघात ओलावा शोषतो, त्याची रोधक शक्ती घटते आणि द्वारपाल झोपी जातो.

किती गळती घातक, याचा हिशेब पाहण्याजोगा आहे. कपॅसिटरच्या एका बाजूस १०० व्होल्ट आहेत आणि दुसऱ्या बाजूस पुढच्या व्हॉल्व्हच्या जाळीला जोडलेला पाच लाख ओहमचा रोध आहे असे समजा. कपॅसिटरची रोधक शक्ती घसरून एक कोटी ओहमवर आली असेल, तर जाळीवर सुमारे पावणेपाच व्होल्ट अनाहूतपणे येऊन पोचतात. अंतिम टप्प्याच्या व्हॉल्व्हची जाळी साधारण उणे सात व्होल्टवर ठेवलेली असते. म्हणजे लगामाचा दोनतृतीयांश भाग सुटला. व्हॉल्व्ह मर्यादेबाहेर प्रवाह ओढू लागतो, लाल होतो आणि आपल्यासोबत कर्ण्याच्या ट्रान्सफॉर्मरलाही नेतो. गंमत अशी की साध्या मल्टिमीटरला एक कोटी ओहम म्हणजे ‘जवळजवळ काहीच गळती नाही’ असे वाटते, कारण तो अगदी कमी व्होल्टेजवर मोजतो. मीटरने निर्दोष ठरवलेला कपॅसिटर संचात दोषी निघतो तो असा.

समाधानाची बाब ही की या जागी आजचा पर्याय मूळ वस्तूपेक्षा सरस आहे. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पापुद्र्याचा, ६३० व्होल्टचा कपॅसिटर सहज मिळतो आणि तो कागदासारखा ओलावा धरत नाही. जुन्या कागदी नळकांड्यावर एका टोकाला काळे वर्तुळ असते. ते धन-ऋण दाखवत नाही; बाहेरचा पत्रा कोणत्या टोकाला जोडला आहे एवढेच ते सांगते. त्याला ऋण टोक समजून त्या जागी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बसवल्याची उदाहरणे घडतात आणि त्यानंतर कारागिराला रेडिओ आणखी काय काय कारणांनी बिघडला हे शोधत बसावे लागते.

आकड्यांचीही एक वेगळी लिपी आहे. जुन्या कपॅसिटरवरील ‘एमएफ’ किंवा ‘एमएफडी’ म्हणजे मायक्रोफॅरडच, ‘मिली’ नव्हे. आणि ‘एमएमएफ’ असे दोन ‘एम’ असतील तर तो त्याच्या दहा लाखांश, म्हणजे आजचा पिकोफॅरड. आजच्या छोट्या कपॅसिटरवर १०४ लिहिलेले असते, तेव्हा पहिले दोन आकडे घेऊन पुढे चार शून्ये द्यायची: एक लाख पिकोफॅरड, अर्थात ०.१ मायक्रोफॅरड. इथे एका शून्याची चूक म्हणजे दहापटीची चूक असते.

तिसरी भूमिका सर्वांत नाजूक, सूर जुळवण्याची. केंद्र लावणाऱ्या भागात कपॅसिटरची क्षमता तंतोतंत आणि स्थिर असावी लागते. संच तापल्यावर ती बदलली की केंद्र सरकते. यासाठी पूर्वी चांदीचा लेप दिलेले अभ्रकाचे कपॅसिटर वापरत. तेव्हाच्या बिहारमधील व आताच्या झारखंडमधील कोडरमाचे अभ्रक जगभर जात होते ते अशाच कामांसाठी. पुढे पॉलिस्टायरीनचे चंदेरी, पारदर्शक कपॅसिटर आले. ते आता बाजारातून जवळपास हद्दपार झाले आहेत. पॉलिकार्बोनेटच्या कपॅसिटरचे तर मूळच आटले. त्यासाठी लागणारा पापुद्रा बनवणाऱ्या बायर या जर्मन कंपनीने २००० साली ते उत्पादन थांबवले आणि मोजमापाच्या उपकरणांत, वेळ मोजणाऱ्या मंडलांत वर्षानुवर्षे वापरला गेलेला हा प्रकार दुर्मीळ झाला.

अशा ठिकाणी हमखास होणारी चूक म्हणजे तोच आकडा असलेला स्वस्त सिरॅमिक कपॅसिटर बसवणे. सिरॅमिकमध्ये दोन वेगळी कुळे आहेत. ‘सीझीरोजी’ अथवा ‘एनपीओ’ म्हणून ओळखले जाणारे कूळ तापमानाने जवळजवळ हलत नाही. अभ्रकाच्या आणि पॉलिस्टायरीनच्या जागी तेच योग्य. ‘एक्ससेव्हनआर’ मध्ये तापमानानुसार १५ टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो, तर ‘वायफाइव्हव्ही’ आपल्या कार्यकक्षेच्या टोकाला ८० टक्क्यांहून अधिक क्षमता गमावू शकतो. शिवाय या दुसऱ्या कुळातील कपॅसिटरवर व्होल्टेज वाढत जाते तशी क्षमता कमी होते; काही लहान आकाराच्या नमुन्यांत ती निम्म्याहूनही खाली येते. टेबलावर मीटरने मोजलेले १० मायक्रोफॅरड मंडलात चार-पाचच उरतात. पॉलिकार्बोनेटच्या जागी पॉलिप्रॉपिलीन चांगला, मात्र तो आकाराने मोठा असतो आणि त्याला जागा करावी लागते. केंद्र लावण्यासाठी एकमेकांत फिरणाऱ्या पात्यांचा जो ‘गँग कंडेन्सर’ असतो, त्याला पर्याय एकच: तशाच दुसऱ्या रेडिओतून काढलेला. जुन्या बाजारात मोडक्या रेडिओंना गिऱ्हाईक असते ते यामुळेच.

व्हॉल्व्हचा रेडिओ ही आज थोड्यांची हौस आहे. पण हीच कथा दिवाणखान्यातील टीव्हीच्या आणि संगणकाच्या पोटातही चालू असते. तिथे कपॅसिटर दुर्मीळ नसतो, नेमका तसाच मिळणे दुर्मीळ असते. चपटा टीव्ही सुरू होत नाही, नुसता लाल दिवा लुकलुकतो, तेव्हा पुष्कळदा आतील एक-दोन कपॅसिटरची सपाट डोकी फुगलेली असतात. २००२-०३ च्या सुमारास जगभरातील संगणकांच्या मदरबोर्डवर हेच दृश्य साथीसारखे दिसू लागले होते. सदोष रासायनिक द्रवामुळे आत वायू तयार होई, टोप्या फुगत, फुटत आणि तपकिरी द्रव बोर्डावर ओघळे. द्रवाचे सूत्र चोरले गेले पण अर्धवटच, अशी हेरकथेला शोभणारी वदंताही त्या वेळी गाजली. तिच्यात तथ्य किती हा भाग निराळा. फुटलेल्या कपॅसिटरची ती पिढी मात्र अनेक कारागिरांना एक धडा देऊन गेली.

तो धडा असा की आधुनिक वीजपुरवठ्यात कपॅसिटर सेकंदाला शंभर वेळा नव्हे, हजारो वेळा भरतो आणि रिकामा होतो. अशा धावपळीत त्याचा स्वतःचा अंतर्गत रोध महत्त्वाचा ठरतो. ‘ईएसआर’ या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा हा रोध जास्त असेल तर कपॅसिटर आतून तापतो आणि तापला की लवकर सुकतो. १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्ट असा आकडा तंतोतंत जुळवून घेतलेला सर्वसाधारण कपॅसिटर या जागी काही महिन्यांतच पुन्हा फुगतो. इथे ‘लो ईएसआर’ असे मागूनच घ्यावे लागते आणि शक्य असल्यास व्होल्टची मर्यादा एक पायरी वरची निवडावी लागते. बोर्डावर तेवढी जागा आहे ना, हे पाहून.

तापमानाचा छापील आकडाही शोभेचा नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान दर दहा अंशांनी कमी झाले की साधारण दुप्पट होते, असा या क्षेत्रातील ढोबळ नियम आहे. १०५ अंशांवर २००० तास टिकणारा कपॅसिटर ६५ अंशांवर सुमारे ३२ हजार तास, म्हणजे अखंड चालवला तरी साडेतीन वर्षांहून अधिक टिकेल. ८५ अंशांवर २००० तास टिकणारा त्याच जागी ८ हजार तास, म्हणजे अकरा महिने. दोघांच्या किमतीतील फरक चहाच्या पेल्याएवढाही नसतो. दुकानात ‘८५ वालाच आहे, चालेल ना?’ असे विचारले जाते, तेव्हा या दोन आकड्यांतला फरक डोळ्यांसमोर असावा.

पण अधिक चांगला कपॅसिटर नेहमीच अधिक चांगला ठरतो असेही नाही आणि इथेच भल्याभल्यांची फसगत होते. काही व्होल्टेज नियंत्रकांची रचना टँटलम कपॅसिटर गृहीत धरून केलेली असते. त्याचा थोडासा अंतर्गत रोधच नियंत्रकाला स्थिर ठेवतो. टँटलम महाग म्हणून किंवा तो बिघडताना शॉर्ट होऊन पेट घेऊ शकतो म्हणून त्याच्या जागी जवळजवळ शून्य रोधाचा सिरॅमिक बसवला, की नियंत्रक डगमगू लागतो आणि पाच व्होल्टच्या जागी कंप पावणारे भलतेच काही बाहेर पडते. टँटलमच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे. बोर्डावर चिकटवलेल्या चौकोनी टँटलमवरील पट्टी धन टोक दाखवते, तर गोल ॲल्युमिनियमच्या कपॅसिटरवरील पट्टी ऋण टोक. एकाच्या जागी दुसरा बसवताना पट्टीला पट्टी जुळवणाऱ्याला त्याचे फळ मोठ्या आवाजासह मिळते.

स्पीकरच्या पेटीत धन-ऋण नसलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात. ते मिळाले नाहीत तर जुनी युक्ती कामी येते. दुप्पट क्षमतेचे दोन साधे कपॅसिटर ऋण टोकाला ऋण टोक जोडून एकापुढे एक ठेवायचे. १० मायक्रोफॅरडचे दोन मिळून ५ मायक्रोफॅरड होतात. समांतर जोडले तर क्षमतांची बेरीज होते, एकापुढे एक जोडले तर ती घटते. एवढे गणित ठाऊक असलेला कारागीर रिकाम्या हाताने क्वचितच परततो.

आतापर्यंतच्या साऱ्या ठिकाणी पर्यायाची चूक झाली, तर फार तर उपकरण जाते. काही जागा मात्र अशा आहेत की तिथे माणूस जातो. घरच्या विजेच्या दोन तारांमध्ये थेट बसणारे ‘एक्स’ वर्गाचे कपॅसिटर आणि विजेची बाजू व हाताला लागणारी बाजू यांच्यामध्ये बसणारे ‘वाय’ वर्गाचे कपॅसिटर यांना आंतरराष्ट्रीय मानकाची कसोटी लावलेली असते. ‘एक्स’ वर्गाचा कपॅसिटर बिघडला तरी आग लागू नये आणि ‘वाय’ वर्गाचा बिघडताना आतून जुळून जाऊ नये, अशी त्यांची घडण असते. त्यांच्या जागी ‘४०० व्होल्टचा आहे, पुरेल’ असे म्हणून साधा कपॅसिटर बसवणे हा अक्षम्य गुन्हा आहे. २३० व्होल्टच्या विजेचे शिखर ३२५ व्होल्टचे असते हे खरे. पण त्याच वाहिनीवर क्षणमात्र येणारे हजारो व्होल्टचे तडाखे त्या छापील ४०० च्या हिशेबात धरलेले नसतात.

‘वाय’ कपॅसिटरची क्षमता वाढवणेही तितकेच घातक. अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर धातूच्या आवरणाचा लॅपटॉप चार्ज होत असताना त्याला हात लावला की मुंग्या आल्यासारखे होते, हा अनुभव अनेकांना असेल. चार्जरमधील जेमतेम ४७०० पिकोफॅरडपर्यंतच्या या कपॅसिटरमधून झिरपणारा सुमारे एकतृतीयांश मिलीअँपिअरचा प्रवाह त्याला कारण असतो. त्या जागी हाताशी होता म्हणून ०.१ मायक्रोफॅरडचा बसवला तर तोच प्रवाह सात मिलीअँपिअरच्या वर जातो. पकडलेली वस्तू सोडता न येण्याची पातळी यापुढे फार दूर नाही. आणि उपकरण तर उत्तम चालू असते!

जुन्या रेडिओंपैकी ‘एसी-डीसी सेट’ म्हणून विकल्या गेलेल्या संचांत ट्रान्सफॉर्मरच नसतो. त्यांचा आतला धातूचा सांगाडा विजेच्या एका तारेला थेट जोडलेला असतो आणि एरियलची तार व ती वीज यांच्यामध्ये उभा असतो तो एक छोटा कपॅसिटर. तो मूळचा कागदी असला तरी आता त्या जागी ‘वाय’ वर्गाचाच हवा; मेण वितळलेल्या नळकांड्यावर कोणाच्या जिवाचा भरवसा ठेवता येत नाही.

छताच्या पंख्याचा कपॅसिटर त्यामानाने निरुपद्रवी वाटतो. उन्हाळ्यात ‘पंखा हळू फिरतो’ ही तक्रार आली की बहुतेक वेळा त्याचीच क्षमता घटलेली असते. तो साधारण २.५ मायक्रोफॅरडचा आणि ४४० व्होल्ट ‘एसी’चा असतो. हे ‘एसी’ महत्त्वाचे. विजेची दिशा सतत बदलत राहिल्याने त्याच्यावर पडणारा ताण ‘डीसी’च्या कपॅसिटरला सोसत नाही, त्यातून मोटारीच्या वेढ्यांमुळे त्याच्या टोकांवर घरच्या विजेपेक्षाही जास्त व्होल्टेज येते. २.५ च्या जागी ३.१५ बसवून पंखा जोरात फिरवून देणारे उस्ताद गल्लोगल्ली भेटतात. वारा वाढतो, वेढे तापतात आणि एखाद्या मेच्या दुपारी पंखा कायमचा थांबतो. पाण्याच्या मोटारीत तर सुरू करण्याचा आणि चालू ठेवण्याचा असे दोन वेगळे कपॅसिटर असू शकतात. पहिला काही सेकंदांपुरताच बनवलेला असतो. तो दुसऱ्याच्या जागी लावला की फुटतो. राहता राहिला मायक्रोवेव्ह ओव्हन. त्यातील कपॅसिटर दोन हजार व्होल्टच्या घरातील असतो आणि पिन काढल्यानंतरही तो जीव घेऊ शकतो. तिथे हौस भागवू नये.

मिळत नाही ते मिळवायचे कुठे, हा व्यावहारिक प्रश्न उरतोच. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातील तपकीर गल्ली येथे चिकाटीने हिंडणाऱ्याला पुष्कळ काही मिळते; त्यात फसवणूकही मिळते. मोठ्या आवरणात लहान कपॅसिटर दडवून जास्त क्षमतेचे लेबल चिकटवलेले नमुने जगभरच्या बाजारात फिरतात. त्यामुळे अपेक्षेपेक्षा हलका लागणारा कपॅसिटर संशयास्पद समजावा. ‘जुना, पण कोरा’ माल ही दुसरी भुरळ. अभ्रकाचा कोरा कपॅसिटर बहुधा चांगला निघतो. कोरा कागदी कपॅसिटर मात्र न वापरताही म्हातारा झालेला असतो. इलेक्ट्रोलिटिकचे तर विचारूच नये. त्याच्यातील ऑक्साइडचा थर दर व्होल्टमागे मिलिमीटरच्या दहा लाखांश भागाहून थोडाच जाड असतो आणि वर्षानुवर्षे वीज न मिळाल्यास तो झिजतो. माळ्यावरचा रेडिओ एकदम २३० व्होल्टवर लावला की घात होतो तो या झिजलेल्या थरामुळे. आवरण फोडून आत पाहण्याचा मोहही आवरावा, विशेषतः तेलाने भरलेल्या जुन्या कपॅसिटरच्या बाबतीत. त्यांतील काहींच्या तेलात पीसीबी नावाचे घातक रसायन असे, ज्याच्या उत्पादनावर अमेरिकेने १९७९ साली बंदी घातली.

टंचाई ही केवळ जुन्या संचांची व्यथा नाही. २०१८ साली मोबाइल आणि मोटारींच्या वाढत्या मागणीमुळे बोर्डावर बसणाऱ्या साध्या सिरॅमिक कपॅसिटरचाही जगभर तुटवडा पडला होता आणि मोठमोठे कारखानेही ‘याच्या जागी काय चालेल?’ हाच प्रश्न विचारत होते. भारतात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. मंडलाचे आराखडे आणि सुट्या भागांचे तपशील ग्राहकाला मिळाले पाहिजेत, ही त्यामागची एक मागणी आहे. कारागिराच्या दृष्टीने तिचे मोल मोठे आहे. आराखडा हाती असेल तर फुटून ओळखू न येणाऱ्या कपॅसिटरचे काम कळते. नसेल तर राखेवरून आकडा वाचावा लागतो.

पर्याय बसवून झाल्यावरही अनुभवी कारागीर संच लगेच भिंतीतल्या सॉकेटला जोडत नाही. त्याच्या टेबलावर एक लाकडी ‘सिरीज बोर्ड’ असतो. त्यावर ६० किंवा १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा लावलेला. वीज आधी या दिव्यातून जाते आणि मग रेडिओत. बटण दाबताच दिवा क्षणभर लख्ख पेटतो, टाक्या भरतात, मग तो मंदावत तांबूस होतो. लख्खच राहिला तर बटण बंद करायचे, मोठ्या कपॅसिटरमधील वीज रोध लावून उतरवायची आणि पुन्हा शोध सुरू करायचा. मंदावला तर अर्धा तास वाट पाहायची, वीज तोडून, टाक्या रित्या करून नव्या कपॅसिटरना बोट लावून पाहायचे. ते गार असले की मगच मागचा पुठ्ठा लागतो आणि घरच्यांना फोन जातो.